कार्ड बंद, हप्ता चालूच

तुळजापुरात परड्या, कवड्यांच्या माळा, कुंकू आणि प्रसाद विकणाऱ्यांचे वर्ष गर्दीच्या मोजक्या दिवसांवर तगते. आश्विनातल्या नवरात्रापासून कोजागरीपर्यंत, मग पौषातले शाकंभरी नवरात्र, मग चैत्री पौर्णिमा. मधल्या काळात मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेची वाट बघायची. तालुक्यातल्या खेड्यांत तीच गत सोयाबीनची. काटा होऊन पैसे हातात पडायला दिवाळी उजाडते. कर्जाचा हप्ता मात्र तिथी-सण बघत नाही. पाच तारीख म्हणजे पाच तारीख. त्यामुळे मंदीच्या महिन्यांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता थांबवता येतो का?

येतो. तो खातेदाराचा हक्कच आहे. पण काय थांबवायचे आणि कुठे, याबद्दल इतके ऐकीव ज्ञान फिरत असते की लोक भलतेच काहीतरी बंद करून निश्चिंत होतात आणि पाच तारखेला मोबाइलवर पैसे गेल्याचा संदेश येतो.

‘एटीएम कार्ड ब्लॉक केलं, आता कापून दाखवा’

सगळ्यात पसरलेला गैरसमज हा. तो का पसरला, हेही समजण्यासारखे आहे. मोबाइलवरून कर्ज घेताना किंवा दुकानात हप्त्यावर फ्रिज घेताना डेबिट कार्डाचा क्रमांक मागतात, मुदत मागतात, ओटीपी येतो. साहजिकच वाटते की हप्ता या कार्डावर बांधला गेला.

बहुतेक कर्जांत तसे झालेले नसते. तिथे जे नोंदवले जाते त्याला नॅच म्हणतात. भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळ, म्हणजे एनपीसीआय, ही यंत्रणा चालवते. जुन्या ईसीएसची जागा तिने घेतली. या नोंदणीत कार्डाचे काम एवढेच, की खाते तुमचेच आहे आणि संमती तुम्हीच देत आहात याची खात्री पटवणे. संमती नोंदली जाते ती खात्यावर. सही केलेले पेन फेकून दिले म्हणून सही पुसली जात नाही, तसे हे आहे. कार्ड ब्लॉक करा, नवीन घ्या, कात्रीने तुकडे करा. हप्ता खात्यातून जातच राहतो.

म्हणून पहिले काम म्हणजे आपण नेमकी कशाला संमती दिली ते शोधणे. पासबुक भरून घ्या आणि हप्त्याच्या ओळीकडे बघा. तिथे ‘एसीएच’ किंवा ‘नॅच’ अशी अक्षरे असतील तर आदेश खात्यावर आहे. यूपीआय असेल तर तो फोनमधल्या यूपीआय ॲपच्या ‘ऑटो-पे’ यादीत सापडेल. खरोखरच कार्डावरचा आदेश असेल तर बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेट बँकिंगमध्ये कार्डाच्या भागात ई-मँडेटची यादी असते. कर्ज आणि खाते एकाच बँकेत असेल तर ती बहुधा स्थायी सूचना असते, तिची गोष्ट पुढे येईल. आणखी एक गोम अशी, की या ओळीत कर्ज देणाऱ्या कंपनीऐवजी मधल्या पेमेंट कंपनीचे नाव असू शकते. नाव अनोळखी दिसले म्हणून लगेच फसवणूक झाली असे समजू नका. आधी रक्कम आणि तारीख जुळवून बघा.

कार्ड ब्लॉक करणे हाच खरा इलाज आहे, असा प्रकार वेगळाच. काही खासगी सावकार पेन्शनरांचे, मजुरांचे एटीएम कार्ड पिनसकट तारण म्हणून ठेवून घेतात आणि पैसे जमा झाले की स्वतःच काढतात. तिथे कुठलाही आदेश नसतो, फक्त कार्ड असते. ते त्याच दिवशी बंद करून नवीन कार्ड आणि नवीन पिन घ्यावा. सावकार बिनपरवाना असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार तो गुन्हा आहे, आणि तक्रार तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे करता येते. कार्ड ‘विश्वासाने’ दिले होते, ही सबब सावकाराच्या कामी येत नाही.

‘कंपनीचं पत्र आणा, मग बंद करू’

हे वाक्य बँकेच्या खिडकीवर ऐकायला मिळते आणि ग्राहक निमूटपणे माघारी फिरतो. कंपनीचे कार्यालय सोलापुरात किंवा पुण्यात, ॲपवाल्या कंपनीचे तर कुठे ते देवीलाच माहीत. पत्र काही येत नाही.

ईसीएसच्या काळातच रिझर्व्ह बँकेने याचा निकाल लावला होता. खात्यातून पैसे वळते करण्याचा आदेश मागे घेणे हे धनादेशाचे पेमेंट थांबवण्यासारखेच आहे, आणि त्यासाठी पैसे घेणाऱ्या संस्थेची संमती आणा असा आग्रह बँकेने धरायचा नाही. धनादेश थांबवताना आपण ज्याला तो दिला त्याची चिठ्ठी आणतो का? कार्डावरच्या आदेशाबाबत तर नियम आणखी स्पष्ट आहे. रिझर्व्ह बँकेच्या २१ ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकानुसार कार्ड देणाऱ्या बँकेने ई-मँडेट कधीही मागे घेण्याची ऑनलाइन सोय द्यायलाच हवी, आणि या सुविधेसाठी कार्डधारकाकडून शुल्क घ्यायचे नाही.

तोंडी सांगू नका, अर्ज लिहा. त्यात खाते क्रमांक, पैसे घेणाऱ्याचे पासबुकात दिसणारे नाव, हप्त्याची रक्कम आणि यूएमआरएन हवा. यूएमआरएन हा प्रत्येक नॅच आदेशाचा २० अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक. तो नोंदणीच्या वेळच्या संदेशात असतो. सापडला नाही तर बँकेच्या संगणकावर दिसतो, तो विचारायचा. अर्ज हप्त्याच्या आदल्या दिवशी नव्हे, निदान आठवडाभर आधी द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ही पोचच पुढे सगळी लढाई लढते. त्याच दिवशी कंपनीलाही ईमेल किंवा रजिस्टर पोस्टाने कळवा. तिची परवानगी मागायची नाही, पण आपण पळून जात नाही हे कागदावर राहते.

‘ओटीपी दिलाच नाही, मग पैसे गेले कसे?’

पहिल्या वेळी दिला होता म्हणून. कार्डावरच्या आवर्ती व्यवहारांची मर्यादा २०१९ मध्ये २,००० रुपये होती, २०२१ पासून ५,००० झाली आणि जून २०२२ मध्ये १५,००० वर गेली. नोंदणीच्या वेळी ओटीपी झाला की या मर्यादेतल्या पुढच्या कपातींना तो लागत नाही. त्यावरच्या रकमेला दर वेळी लागतो. विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचे बिल यांच्यासाठी डिसेंबर २०२३ पासून ही मर्यादा १ लाख आहे. कर्जाचा हप्ता त्या सवलतीत नाही.

बदल्यात ग्राहकाला एक हत्यार मिळाले आहे. कपातीच्या किमान २४ तास आधी बँकेने संदेश पाठवायचा. त्यात कोण, किती, कधी कापणार ते असते, आणि तेवढा एक हप्ता किंवा पूर्ण आदेश नाकारण्याची सोयही. जानेवारी २०२० मध्ये ही चौकट यूपीआयलाही लावली गेली. मुश्कील एवढीच, की हा संदेश कर्जाच्या आणि लॉटरीच्या जाहिरातींच्या गर्दीत येतो आणि न वाचता पुसला जातो. नॅचच्या कपातीला मात्र हा २४ तासांचा नियम गृहीत धरू नका.

नॅचच्या अर्जावर ‘कमाल रक्कम’ असा रकाना असतो तोही बघा. हप्ता २,३०० चा आणि कमाल रक्कम १०,००० असे सर्रास दिसते. ती छपाईची चूक नसते. दंड, थकबाकी धरून तेवढ्यापर्यंत कापण्याची मुभा तुम्ही दिलेली असते.

‘खात्यात ठेवलंच नाही तर काय कापतील?’

हा उपाय सगळ्यात महाग पडतो. हप्ता परत गेला की बँक आपले शुल्क लावते, त्यावर १८ टक्के जीएसटी. कंपनी तिचे ‘बाउन्स’ शुल्क वेगळे लावते. कंपनी तोच हप्ता पुन्हा पाठवू शकते आणि तो परत गेला की शुल्क पुन्हा. नवरात्रात गल्ला भरून खात्यात टाकला की आधी हे सगळे वळते होते.

त्याहून गंभीर बाब कायद्याची. देयक आणि तडजोड प्रणाली अधिनियम, २००७ च्या कलम २५ नुसार खात्यात पुरेशी रक्कम नसल्यामुळे असा हस्तांतर-आदेश परत जाणे हा गुन्हा ठरू शकतो : दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. धनादेश न वटण्याच्या प्रकरणासारखीच त्याची वाट आहे. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत कंपनीने लेखी नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले तर प्रकरण पुढे जात नाही. म्हणून अशी नोटीस पोस्टमनकडून घ्यायचीच नाही, हा गावातला सल्ला फार वाईट. ते १५ दिवस तुमच्याच फायद्याचे असतात.

आदेश आधीच रीतसर मागे घेणे आणि आदेश चालू ठेवून खाते कोरडे पाडणे, या दोन गोष्टींत म्हणूनच मोठा फरक आहे.

फोनमधून ॲप काढून टाकल्याने काहीही रद्द होत नाही, हे एका ओळीत सांगून पुढे जाऊ. आणि रविवारी बँक बंद म्हणून हप्ता सोमवारी जाईल, हा हिशोबही जुना झाला. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच आठवड्याचे सातही दिवस चालते.

‘हप्ता थांबला म्हणजे कर्ज थांबलं’

नाही. आदेश मागे घेतला की पैसे जाण्याची एक वाट बंद होते, देणे तसेच राहते. व्याज चालू राहते, थकबाकी सिबिलसारख्या कंपन्यांकडे नोंदली जाते, वसुलीचा दावाही होऊ शकतो. दंडावर मात्र आता लगाम आहे. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकामुळे बँका आणि वित्त कंपन्यांना थकबाकीवर दंडव्याज लावता येत नाही. फक्त दंडात्मक शुल्क लावता येते, आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, हा नियम ऑगस्ट २०२२ मध्ये आणखी कडक झाला.

कर्ज आणि बचत खाते एकाच बँकेत असेल तर स्थायी सूचना रद्द करून फार काही साधत नाही. थकलेली रक्कम त्या खात्यातून वळती करण्याचा बँकेचा हक्क वेगळाच असतो. घरखर्चाचे, मजुरीचे पैसे दुसऱ्या बँकेतल्या खात्यात येतील अशी सोय आधी करावी.

माझ्या मते तुळजापूरसारख्या गावात खरी मागणी हप्ता थांबवण्याची नसतेच, तो सरकवण्याची असते. ती मागायला लोक लाजतात. गटातून किंवा सूक्ष्म वित्त संस्थेकडून घेतलेल्या विनातारण कर्जाबाबत, म्हणजे वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या कर्जाबाबत, रिझर्व्ह बँकेचे १४ मार्च २०२२ चे निर्देश सांगतात की परतफेडीच्या वेळापत्रकात कर्जदाराच्या गरजेनुसार लवचीकता देण्याचे धोरण संस्थेकडे असायलाच हवे. सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या आत हवेत, हेही त्यातच आहे. आणि मुदतीआधी कर्ज फेडले तर दंड नाही. कर्ज घेतानाच ‘माझा धंदा नवरात्राचा, तारीख तशी लावा’ असे लेखी मागितले तर पुढची बरीच कटकट टळते. गटाच्या बैठकीत पासबुक घेऊन येणारा अधिकारी हे आपणहून सांगेल अशी अपेक्षा ठेवू नका.

‘कर्ज फिटलं, आता कशाला चिंता’

शेवटचा हप्ता गेल्यावरही नॅचचा आदेश आपल्या मुदतीपर्यंत जिवंत राहू शकतो. कर्ज मुदतीआधी फेडले असेल तर हा धोका जास्त. कंपनीकडून बेबाकीचा दाखला घ्या आणि त्याच आठवड्यात बँकेत आदेश रद्द करा.

आता प्रश्न उरतो, रीतसर रद्द करूनही पैसे गेले तर? मग ती बँकेच्या सेवेतली चूक आहे, आणि बँकेचे बोट कंपनीकडे वळले तरी तक्रार बँकेविरुद्धच करायची. आधी शाखेत लेखी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याला पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही. ऑनलाइन जमत नसेल तर चंदीगडच्या केंद्राला टपालाने पाठवता येते आणि मराठीत लिहिलेली चालते. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. सोबत पोच असलेला अर्ज, कपात दाखवणारे पासबुकाचे पान आणि बँकेला केलेल्या तक्रारीची प्रत जोडा. मुळात आदेशच दिला नव्हता, कोणीतरी परस्पर नोंदवला असेल, तर बँकेला तीन दिवसांच्या आत कळवा आणि १९३० वर सायबर तक्रार नोंदवा. अशा प्रकरणात उशीर झाला की नुकसानीचा काही भाग आपल्या माथी येऊ शकतो.

पतसंस्थेचे कर्ज असेल तर लोकपालाचा उपयोग नाही, कारण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत. त्यांच्याबद्दलची तक्रार सहायक किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे जाते. नावात ‘मल्टिस्टेट’ असेल तर दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांकडे. म्हणून अर्ज लिहायला बसण्याआधी कर्जाच्या कागदावरचे संस्थेचे पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक तेवढा नीट वाचून घ्या.