पोलिसांच्या नोंदवह्या आणि 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प

भारतातल्या पोलीस यंत्रणेला आकार दिला तो 1861 च्या कायद्याने. 1857 चा उठाव नुकताच मोडून काढला होता आणि राज्यकर्त्यांना हवी होती रयतेवर नजर ठेवणारी फौज. ती फौज रयतेला उत्तर देणारी असावी असा विचारही त्या कायद्यात नव्हता. पुढे 1923 मध्ये शासकीय गुपितांचा कायदा आला आणि सरकारी कागद लोकांपासून लपवणे हाच शिरस्ता झाला. या पार्श्वभूमीवर 12 ऑक्टोबर 2005 या दिवसाचे मोल कळते. त्या दिवशी माहितीचा अधिकार अधिनियम पूर्णपणे अमलात आला. महाराष्ट्रातला कोणताही नागरिक साध्या कागदावर अर्ज लिहून, त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून पोलिसांच्या दप्तरातली नोंद मागू शकेल, अशी व्यवस्था झाली. या कायद्याचे कलम 22 तर 1923 च्या त्या गुपितांच्या कायद्यालाही मागे सारते.

आपल्याकडे हे थोडे आधीच सुरू झाले होते. गोव्याने 1997 मध्ये स्वतःचा कायदा केला. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनांच्या रेट्यातून 2002 चा कायदा आला. त्या राज्य कायद्याखाली मुंबईचे शैलेश गांधी यांनी मुंबई पोलिसांकडे जो अर्ज केला, तो आजही अभ्यासावा असा आहे. पोलीस अधिकाऱ्यांच्या बदल्यांसाठी राजकारण्यांनी केलेल्या शिफारशींची माहिती त्यांनी मागितली. ती सहजी मिळाली नाही. पण पाठपुरावा केल्यावर, कोणी कोणासाठी शब्द टाकला याच्या नोंदी बाहेर आल्या. बदल्यांमधला हस्तक्षेप ही तोवर चहाच्या टपरीवर सांगायची गोष्ट होती. ती सरकारी कागदावर आली. गांधी पुढे 2008 मध्ये केंद्रीय माहिती आयुक्त झाले. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात बदल्या आणि नेमणुकांसाठी पोलीस आस्थापना मंडळ नेमण्याचा आदेश दिला. हा प्रश्न किती खोल होता, हे त्या आदेशावरूनही दिसते.

गांधींच्या अर्जाने साधले, कारण त्यांनी मागितले ते कागदावर होते. पोलीस खाते हे मुळात लिहिणारे खाते आहे, हे बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. ठाण्यात दिवसरात्र स्टेशन डायरी चालते. कोण गस्तीला गेले, कोणाला आणले, कोणती खबर आली, याची वेळेसह नोंद तिच्यात पडते. तक्रार अर्जाला आवक क्रमांक मिळतो, बाहेर गेलेल्या पत्राला जावक क्रमांक. दखलपात्र गुन्ह्याला गुन्हा रजिस्टर नंबर पडतो, अदखलपात्राची ‘एन.सी.’ नोंद वेगळी. जप्त केलेली वस्तू मुद्देमाल रजिस्टरात चढते, अटकेची नोंद अटकेच्या रजिस्टरात. ठाण्यात एखादी गोष्ट घडली आणि तिचा मागमूस कुठल्याच वहीत नाही, असे फार क्वचित होते. आणि झालेच, तर नोंद नसणे हीसुद्धा लेखी मिळण्याजोगी माहिती आहे.

म्हणून माझ्या मते या अर्जाची सारी कला एकाच गोष्टीत आहे: कोणती वही मागायची हे ओळखणे.

बहुतेक अर्ज इथेच फसतात. दुखावलेला माणूस लिहितो, ‘माझ्या तक्रारीवर कारवाई का केली नाही?’ प्रश्न रास्त आहे, पण कायदा दप्तरात असलेली माहिती देतो, नसलेला खुलासा तयार करून देत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 मध्येच स्पष्ट केले की ‘का’ या प्रश्नाचे उत्तर म्हणजे माहिती नव्हे. तोच माणूस असे लिहू शकतो: ‘अमुक तारखेला दिलेल्या माझ्या तक्रार अर्जाची आवक नोंदवहीतील नोंद, तो अर्ज चौकशीसाठी ज्यांच्याकडे दिला त्यांचे नाव व पदनाम, त्यावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीचे तारखेनुसार कागद, चौकशी अहवालाची प्रत.’ आता उत्तर देणाऱ्याला कागद दाखवावा लागतो, नाही तर कागद नाही असे सहीनिशी लिहून द्यावे लागते. ‘का’चे उत्तर मग त्या कागदांतून आपोआप निघते. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द एवढीच मुभा आहे, त्यामुळे गाऱ्हाण्याचा इतिहास लिहायला जागाही नसते.

अर्ज ‘जोडपत्र अ’च्या नमुन्यात करायचा. तो कोणाकडे द्यायचा ते कार्यालयातल्या फलकावर पाहावे, कारण अर्जाला उत्तर देणारा जन माहिती अधिकारी प्रत्येक ठाण्यातलाच असतो असे नाही. चुकीच्या कार्यालयात गेला तरी घाबरू नये. कलम 6(3) प्रमाणे तो 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणे बंधनकारक आहे. ऑनलाइन अर्जाचीही सोय आहे. हाती दिला तर पोहोच घेतल्याशिवाय तिथून हलू नये.

आता या कायद्यातली मला सर्वांत थोर वाटणारी तरतूद. कलम 6(2) म्हणते की अर्जदाराला माहिती कशासाठी हवी याचे कारण विचारता येणार नाही. कलम 19(5) म्हणते की माहिती नाकारणे योग्य होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी नाकारणाऱ्याची. ठाण्यात पाऊल टाकताच ‘काय काम आहे?’ असे दरडावून विचारले जाण्याची ज्या देशाला पिढ्यान्‌पिढ्या सवय, तिथे कारण द्यायची पाळी वर्दीवर आली आहे. शिवाय संसदेला किंवा विधानसभेला जी माहिती नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे मूळ कायद्यातल्या कलम 8(1) च्या परंतुकात लिहिले होते.

पोलिसांकडून हमखास येणारे उत्तर म्हणजे ‘तपास चालू आहे, सबब माहिती देता येत नाही’. कलम 8(1)(ज) तपासात, अटकेत किंवा खटल्यात अडथळा आणणारी माहिती रोखण्याची मुभा देते आणि ते योग्यच आहे. पण दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी 2007 च्या निकालात दाखवून दिले की तपास चालू असणे एवढेच कारण पुरेसे नाही. माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल, ते अधिकाऱ्याने सांगितले पाहिजे. अपिलात हा मुद्दा जरूर मांडावा. खबऱ्याची ओळख किंवा कोणाचा जीव धोक्यात घालणारी माहिती कलम 8(1)(छ) खाली राखली जाते, तिच्यामागे लागू नये. कागदाचा एखादा भागच गोपनीय असेल, तर कलम 10 प्रमाणे तेवढा झाकून बाकीचा द्यावा लागतो.

काही गोष्टींना तर अर्जही लागत नाही. फिर्यादीला प्रथम खबरी अहवालाची प्रत विनामूल्य मिळणे हा त्याचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर 2016 च्या आदेशानुसार, संवेदनशील गुन्हे वगळता, हे अहवाल 24 तासांत संकेतस्थळावर टाकायचे असतात. दुर्गम भागासाठी ही मुदत वाढवता येते.

सीसीटीव्हीची गोष्ट वेगळी, तिथे घाई करावी. 2 डिसेंबर 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडे अशा सर्व जागी कॅमेरे लावण्याचा आणि चित्रण 18 महिने, उपकरणाची क्षमता कमी असल्यास निदान 1 वर्ष, जपण्याचा आदेश दिला. ठाण्यात मारहाण झाली असेल तर नेमकी तारीख, वेळ आणि जागा लिहून चित्रण मागावे, आणि ते जपून ठेवण्याची विनंती वेगळ्या पत्राने त्याच दिवशी करावी. फाईल ‘सापडत नाही’ असे उत्तर आले, तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 ची आठवण करून द्यावी. अभिलेखांबाबत त्या कायद्याचा भंग झाल्यास 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

उत्तराची मुदत 30 दिवस. पण माहिती कोणाच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर 48 तास. घरातल्या माणसाला उचलून नेले आहे आणि तो कुठे आहे हे कोणी सांगत नाही, अशा वेळी अर्जाच्या माथ्यावर ठळक लिहावे: ‘कलम 7(1) परंतुक, जीवित व स्वातंत्र्य’. मुदतीत उत्तर न देणाऱ्या अधिकाऱ्याला राज्य माहिती आयोग दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड करू शकतो. उशिरा दिलेली माहिती विनामूल्य द्यावी लागते. नाकारले तर 30 दिवसांत प्रथम अपील, नंतर 90 दिवसांत आयोगाकडे द्वितीय अपील. दोन्हींना 20 रुपयांचा स्टॅम्प. आयोगाकडे अपिले फार काळ पडून राहतात, हे कटू सत्य आहे. म्हणूनच पहिला अर्ज नेमका हवा.

तुलना करायची तर ब्रिटनकडे पाहावे. लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांकडे जगातला कोणीही, पुण्यात बसून सुद्धा, माहिती मागू शकतो. उत्तर कामाच्या 20 दिवसांत यायला हवे. पण शोधाशोधीला 18 तासांपेक्षा जास्त वेळ लागेल असे दिसले तर पोलिसांना अर्ज फेटाळता येतो. आपला हक्क फक्त नागरिकांना आहे, पण तासांची अशी मर्यादा त्याला नाही.

आपल्या कायद्यालाही खिंडारे आहेत. कलम 24(4) खाली राज्य सरकार गुप्तवार्ता व सुरक्षा संघटनांना कायद्याबाहेर ठेवू शकते. तरीही भ्रष्टाचार आणि मानवी हक्क उल्लंघनाच्या आरोपांची माहिती तिथेही मागता येते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहितीचे कलम 8(1)(ञ) आणखी घट्ट केले, हे मला चिंतेचे वाटते, कारण एखाद्या अधिकाऱ्याची चौकशीसुद्धा ‘वैयक्तिक’ म्हणून झाकली जाऊ शकते. अशा वेळी कलम 8(2) मधल्या व्यापक जनहिताचा आधार घ्यावा. आणि जोखीमही खरी आहे. तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांनी माहितीच्या अधिकारातून जमिनींचे गैरव्यवहार उघड केले. जानेवारी 2010 मध्ये सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. संवेदनशील माहिती एकट्याने मागू नये. तोच अर्ज वेगवेगळ्या गावांतून अनेकांनी करावा.

ज्याला लिहिता येत नाही त्याचीही या कायद्याने आठवण ठेवली आहे. कलम 6(1) प्रमाणे अशा माणसाने तोंडी सांगितलेली मागणी लेखी उतरवायला मदत करणे हे जन माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, मग तो अधिकारी पोलीस खात्यातला असला तरी.