आणीबाणीतील स्वस्ताईचे श्रेय कोणाचे?

आणीबाणीचा विषय निघाला की ग्वाल्हेरच्या मराठी घरांत दोन तट पडतात. एक म्हणतो, “इंदिराजींनी भाव उतरवून दाखवले.” दुसरा विचारतो, “राजमाता तिहारमध्ये होत्या, त्याचे काय?” आपल्या शहराचे खासदार अटलबिहारी वाजपेयी २६ जून १९७५ रोजी बंगळूरला पकडले गेले, हेही तो ऐकवतो.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याने आधी तारखा पाहाव्यात. १९७४-७५ साली घाऊक भाव सुमारे २५ टक्क्यांनी चढले. १९७५-७६ साली ते किंचित उतरले. हे खरेच आहे. परंतु उतार लागला तो सप्टेंबर १९७४ नंतर, म्हणजे आणीबाणीच्या कित्येक महिने आधी. त्या जुलैत सरकारने वटहुकूम काढून सगळी पगारवाढ आणि वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीच्या ठेवीत अडकवला, लाभांशावर मर्यादा घातली. रिझर्व्ह बँकेने बँक-दर ९ टक्क्यांवर नेला. बाजारातील पैसा आटला. पुढे १९७५ चा पाऊस चांगला झाला आणि धान्याचे उत्पादन सुमारे १० कोटी टनांवरून १२ कोटींवर गेले. १९७६-७७ मध्ये आणीबाणी चालू असतानाच भाव पुन्हा चढू लागले.

तेव्हा श्रेय सरकारला द्यावे, पण १९७४ च्या उपायांचे. ते उपाय झाले तेव्हा ग्वाल्हेरचे खासदार लोकसभेत विरोधी बाकावरच होते. भाव उतरवण्यासाठी त्यांना तुरुंगात घालावे लागले नव्हते.