अक्षराचा क्रमांक आणि अक्षराचे रूप

चाकणच्या एखाद्या शाळेने आपली जुनी स्मरणिका किंवा प्रश्नपत्रिका चिंचवडच्या डीटीपी केंद्रात करून घेतलेली असते. तीच फाइल शाळेच्या संगणकावर उघडली की कधी कधी एक चमत्कारिक दृश्य दिसते. ‘चिंचवड’ हा शब्द जिथे असायला हवा, तिथे एफ, पी, ए, पी, ओ, एम अशी रोमन अक्षरे ओळीने उभी असतात. ‘फाँट नाही, टाकून घ्या,’ असा सल्ला मिळतो. फाँट टाकला की मराठी दिसू लागते आणि विषय तिथेच संपतो.

आमच्या मते तो तिथे संपू नये. रोमन अक्षरे आली कुठून? फाँट टाकल्यावर ती गेली की नुसती झाकली गेली? या प्रश्नांची उत्तरे कळली, तर फाँट बसवणे हे केवळ यांत्रिक काम राहत नाही. शाळेच्या जुन्या फायली आणखी वीस वर्षांनी वाचता येतील की नाही, हेही त्या उत्तरांवर अवलंबून आहे.

खण आणि खिळा

जुन्या छापखान्यात जुळारी उभा असे, त्याच्या समोर लाकडी पेटी असे आणि पेटीत अनेक खण असत. प्रत्येक खणात एकेका अक्षराचे खिळे ठेवलेले. जुळाऱ्याचा हात अक्षर न पाहता खणाकडे जाई, कारण कोणत्या खणात काय आहे हे त्याला पाठ असे.

संगणकाचेही असेच आहे. संगणक अक्षर साठवत नाही, खणाचा क्रमांक साठवतो. त्या क्रमांकाच्या खणातील खिळा, म्हणजे अक्षराची आकृती, फाँटच्या फाइलमधून घेतली जाते आणि पडद्यावर उमटते. क्रमांक म्हणजे मजकूर आणि फाँट म्हणजे त्याचे रूप. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढे लक्षात ठेवले की पुढचे सारे सोपे होते.

इंग्रजी खणांत मराठी खिळे

‘आस्की’ या संकेतप्रणालीत १२८ क्रमांक आहेत. त्यांत रोमन लिपीतील अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे बसतात, देवनागरीला जागा नाही. पुढे ही संख्या २५६ पर्यंत वाढवली गेली, तरी वाढीव खणांतही प्रामुख्याने युरोपीय अक्षरेच आली. १९९० च्या दशकात डीटीपीचा धंदा वाढला, तेव्हा मराठी छपाई तर हवी होती, पण खण मिळत नव्हते. यावर एक व्यवहारी तोड निघाली. खण इंग्रजीचेच ठेवायचे, त्यांतील खिळे मात्र काढून मराठी भरायचे. अनेक मराठी आणि हिंदी फाँट अशा पद्धतीने तयार झाले.

कृतिदेव हा फाँट घेऊ. त्यात धाकट्या ‘एफ’च्या खणात, म्हणजे क्रमांक १०२ वर, पहिली वेलांटी आहे. ‘पी’च्या खणात (११२) च, ‘ए’च्या खणात (९७) अनुस्वार, ‘ओ’च्या खणात (१११) व आणि मोठ्या ‘एम’च्या खणात (७७) ड आहे. म्हणून ‘चिंचवड’ हा शब्द फाइलमध्ये १०२, ११२, ९७, ११२, १११, ७७ असा साठवला जातो. कृतिदेव असेल तोवर डोळ्यांना चिंचवड दिसते. तो नसला की संगणक नेहमीचा फाँट वापरतो आणि त्या खणांतले मूळ रोमन खिळे बाहेर येतात. रोमन अक्षरे फाइलमध्ये पहिल्यापासूनच होती. फाँटने ती फक्त झाकली होती.

याचे परिणाम दिसण्यापुरते नाहीत. चाकण, चिंचवड आणि पिंपरी ही तीन नावे कृतिदेवात टंकून संगणकाला अकारविल्हे लावायला सांगा. क्रम येईल पिंपरी, चिंचवड, चाकण, म्हणजे नेमका उलटा! पहिल्या दोन्ही नावांची सुरुवात वेलांटीच्या ‘एफ’ने होते, तर चाकणची ‘पी’ने, आणि संगणक आपला रोमन क्रम इमानाने पाळतो. विद्यार्थ्यांच्या नावांची यादी अशा फाँटमध्ये असेल, तर ती लावता येत नाही. शिवाय प्रत्येक कंपनीने खिळे आपापल्या सोयीने भरले. एका फाँटमधील मजकूर दुसऱ्या तशाच फाँटमध्ये टाकला, तर मराठी अक्षरे दिसतात, पण त्यांतून अर्थ निघत नाही.

देवनागरीला स्वतःचे खण

या अडचणीची जाण तज्ज्ञांना आधीपासून होती. भारतीय लिप्यांसाठीची ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९८८ मध्ये आली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. १९८८ मध्येच पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि भारतीय भाषांच्या संगणनाचे मोठे काम तिने केले. १९९१ मध्येच युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. जगातल्या सर्व लिप्यांना एकाच यादीत स्वतंत्र क्रमांक देणे, ही युनिकोडची कल्पना. तिच्यातील देवनागरीचा पट्टा इस्कीवर बेतलेला आहे. २३०४ ते २४३१ हे १२८ क्रमांक त्याचे.

आता चिंचवड पुन्हा लिहू : च २३३०, वेलांटी २३६७, अनुस्वार २३०६, च २३३०, व २३५७, ड २३३७. इथे वेलांटी ‘च’च्या नंतर आली आहे, जशी ती उच्चारात येते. ती डावीकडे नेऊन काढायची जबाबदारी फाँटची आणि संगणकाच्या लिपीविषयक नियमांची. जोडाक्षरे घडवणे, रफार योग्य जागी नेणे ही कामेही तेच करतात. ओपनटाइप या फाँट-रचनेने हे शक्य केले, आणि विंडोज २००० पासून ‘मंगल’ या फाँटसह देवनागरी थेट संगणकप्रणालीतच आली.

क्रमांक आणि रूप वेगळे ठेवल्याचा फायदा मराठीला विशेष झाला. ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ या शब्दांत गुरू आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे. पहिल्यात र (२३५२), हलन्त (२३८१) आणि य (२३५१) असे क्रमांक आहेत. दुसऱ्यात ‘र’च्या जागी २३५३ हा वेगळा क्रमांक येतो. म्हणजे फाँट कोणताही असला तरी अर्थ शाबूत राहतो. उलट, मराठी वळणाचे आणि हिंदी वळणाचे ‘ल’ व ‘श’ दिसायला निराळे असले तरी त्यांचे क्रमांक एकच आहेत. तिथे फरक रूपाचा आहे, म्हणून तो फाँटवर सोपवला आहे.

फाँट बसवताना

फाँटची फाइल बहुधा ‘टीटीएफ’ किंवा ‘ओटीएफ’ प्रकारची असते. विंडोजमध्ये तिच्यावर माउसचे उजवे बटण दाबून ‘इन्स्टॉल’ निवडावे. शाळेच्या प्रयोगशाळेत एकाच संगणकावर अनेकांची खाती असतील, तर ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ निवडणे बरे. लिनक्सच्या बऱ्याच आवृत्त्यांत फाइल उघडून आणि मॅकवर ‘फाँट बुक’मधून हेच काम होते. नंतर लेखनाचा प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडावा, म्हणजे यादीत नवे नाव दिसते.

साधे आणि ठळक वळण यांच्या फायली वेगळ्या असतील, तर दोन्ही बसवाव्यात. ठळक फाइल नसली की संगणक साधे अक्षरच फुगवतो, आणि ‘क्ष’, ‘ष्ट’ यांसारख्या अक्षरांतील पोकळ्या बुजतात. नको असलेले फाँट काढून टाकावेत, परंतु संगणकाबरोबर आलेल्या फाँटना हात लावू नये. विकतचा फाँट परवान्याशिवाय दुसऱ्या संगणकावर नेणे बेकायदा आहे. त्याची गरजही राहिलेली नाही. मुक्त परवान्याचे चांगले युनिकोड फाँट उपलब्ध आहेत : ‘एक टाइप’चे मुक्त आणि बलू, गूगलचा नोटो, मुंबईच्या आयआयटीतून आलेला शोभिका. शोभिका हा राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रा या फाँटवर उभा आहे. मुक्त परवाना असला की एकाच्या कामावर दुसऱ्याला पुढची वीट रचता येते.

जुन्या फायलींचे काय?

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात हा प्रश्न शाळेपुरता नाही. कारखान्यातील सूचनाफलक इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावण्याचे बंधन १९४८ च्या कारखाना कायद्याने घातले होते. ‘यंत्र चालू असताना हात घालू नये’ ही सूचना जुन्या फाँटमध्ये पडून असेल, आणि नवीन संगणकावर छापताना तिची रोमन अक्षरे झाली, तर ती असून नसल्यासारखीच.

म्हणून फाइल उघडते आहे तोवरच पुढील गोष्टी कराव्यात. आधी मूळ फाइलची प्रत काढून ठेवावी. मग मजकुरावर कर्सर ठेवून फाँटचे नाव पाहावे. फाँट बसवलेला नसला तरी लेखनाच्या प्रोग्राममध्ये ते बहुधा दिसते. त्या नावाचा परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणावा. परिवर्तक कधी कधी फाइलमधील खरी इंग्रजी वाक्येही ‘मराठी’ करून टाकतो, आणि रफार व वेलांटी जागा चुकतात. त्यामुळे माणसाने मुद्रिते तपासण्याला पर्याय नाही. पीडीएफ करून ठेवली की झाले, असेही समजू नये. तिच्यात छापील रूप टिकते, पण आतील क्रमांक रोमनच राहतात. त्यातून मजकूर शोधता किंवा उचलता येत नाही.

वर्गात करून पाहा

वर्डमध्ये युनिकोड फाँटने नुसता ‘च’ लिहा आणि त्याच्यामागे कर्सर ठेवून ‘ऑल्ट’ व ‘एक्स’ या कळा एकत्र दाबा. अक्षराच्या जागी ०९१ए असा सोळा पायाच्या पद्धतीतील क्रमांक येईल. ‘ए’ म्हणजे १०. विद्यार्थ्यांना त्याची किंमत काढायला सांगा : ९ गुणिले २५६, अधिक १ गुणिले १६, अधिक १०. उत्तर २३३० येते. त्या कळा पुन्हा दाबल्या की ‘च’ परत येतो. मग ‘च’चा फाँट चार-पाच वेळा बदलून हाच प्रयोग करायला लावा. रूप दरवेळी बदलेल, क्रमांक तोच राहील. नंतर प्रत्येकाला आपल्या गावाच्या नावाचे क्रमांक काढून वहीत लिहू द्या.