खडबडीतपणा मोजायचा कसा?

बेळगावच्या उद्यमबागेत फाऊंड्रीतून निघालेले बिडाचे कास्टिंग हाताला खरखरीत लागते. लेथ आणि ग्राइंडिंगनंतर तोच पृष्ठभाग आरशासारखा भासतो. तथापि सूक्ष्मदर्शकाखाली तेथेही डोंगर-दऱ्याच आढळतात. त्या मोजण्यासाठी हिऱ्याचे टोक असलेली बारीक सुई पृष्ठभागावरून सरकवली जाते. मध्यरेषेपासून चढउतारांचे सरासरी अंतर म्हणजे 'आरए'. ते मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, सांगितले जाते.

मात्र सरासरी फसवी असते. एका पृष्ठभागावर टोकदार शिखरे आणि दुसऱ्यावर खोल चरे असले, तरी दोहोंचा आरए एकच येऊ शकतो. हायड्रॉलिक सिलिंडरमध्ये पहिला पृष्ठभाग सील झिजवतो, तर दुसरा चरांत तेल धरून ठेवतो.

दुसरी अडचण मोजपट्टीची. ब्रिटनच्या किनाऱ्याची लांबी किती, असा प्रश्न गणिती बेन्वा मांडेलब्रॉ यांनी १९६७ मध्ये मांडला. मोजपट्टी जितकी लहान, तितकी लांबी अधिक भरते. सरळ रेषेची मिती १ आणि प्रतलाची २. त्या किनाऱ्याच्या पश्चिम भागाची मात्र सुमारे १.२५ येते. अशा आकारांना त्यांनी १९७५ मध्ये 'फ्रॅक्टल' हे नाव दिले. १९८४ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी ही कल्पना तुटलेल्या पोलादाच्या पृष्ठभागालाही लावली.

बेळगावहून गोव्यात उतरणाऱ्या चोर्ला घाटासारख्या रस्त्यांवर हाच प्रश्न जीविताचा होतो. डोंगर कापला की खडकातील भेगा उघड्या पडतात. भेगेच्या दोन्ही बाजूंचे उंचवटे एकमेकांत जितके अडकतात, तितका वरचा खडक घसरण्यास विरोध करतो. हा अडकाव आजमावण्यासाठी बार्टन व चौबे यांनी १९७७ मध्ये १० सेंटिमीटर लांबीच्या दहा नमुनारेषा दिल्या. भेगेची रेषा त्यांच्याशी ताडून तिला ० ते २० पर्यंत अंक देतात.

येथेही मोजपट्टी आडवी येते. लांबलचक भेगेत बारीक उंचवट्यांचा आधार कमी पडतो. म्हणून १० सेंटिमीटरच्या तुकड्यावरचा अंक दुरुस्तीविना संपूर्ण उताराला लावला, तर खडक आहे त्याहून भक्कम वाटतो. शिवाय पावसाचे पाणी भेगेत साचले की त्याच्या दाबाने दोन्ही बाजूंची पकड सैल होते. त्यामुळे उन्हाळ्यात स्थिर दिसणारी कडा पावसाळ्यातही तशीच राहील, असे केवळ तिच्या खडबडीतपणावरून म्हणता येत नाही.