जस्ताचा रकाना

शेतकऱ्याला मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी मोजलेल्या असतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, मग जस्त, लोह, तांबे, मँगेनीज, बोरॉन, आणि सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. 2015 साली ही योजना आली. कॅडमियम, शिसे, पारा, क्रोमियम यांना तिच्यात रकानाच नाही. जस्ताला आहे, पण तो ‘कमी तर नाही ना’ एवढे पाहण्यापुरता. शहाडच्या परिसरात मला हा रकाना उलट्या बाजूनेही वाचावासा वाटतो.

कारण रेयॉन. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, कार्बन डायसल्फाइडने त्याचे मधासारखे दाट द्रावण करायचे आणि ते बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या हौदात सोडायचे, की धागा तयार होतो. हौदात जस्ताचे सल्फेट घालतात. त्याने धागा सावकाश घट्ट होतो आणि मजबूत निघतो. हा उद्योग शहाडला 1950च्या दशकात आला. कॉस्टिक सोडा पूर्वी मिठाच्या पाण्यातून पाऱ्याच्या घटांत काढत असत. म्हणजे एका धाग्यामागे दोन धातू. कारखाना दिसला की माती बिघडलीच, असे मात्र मी म्हणणार नाही. सांडपाण्यातले जस्त चुन्याने खाली बसवता येते. मग प्रश्न उरतो तो बसलेल्या गाळाचा.

पाण्याबद्दल आपण निदान भांडतो. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने 2015 साली 95 कोटींचा दणका दिला, कारण उल्हासचे पाणी लोक पितात. शहाड-टेमघर योजना तर नावातच शहाड घेऊन आहे. मातीला असा वकील नाही. नदी पावसाळ्यात धुऊन निघते. माती धातू धरून ठेवते, दरवर्षी थोडा थोडा.

धरलेला धातू पिकात किती जाईल, हे मात्र धातूवर ठरते. शिसे मुळांपाशीच अडते. पानांवर सापडते ते बहुधा धुळीचे, आणि भाजी नीट धुतली की बरेचसे जाते. कॅडमियम धुऊन जात नाही. ते रासायनिक दृष्ट्या जस्ताचा भाऊ, म्हणून जस्ताच्याच वाटेने मुळांतून पानात चढते. त्यातही पालक, माठ यांसारख्या पालेभाज्यांत जास्त, भेंडी-वांग्यात कमी. रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर नेमक्या पालेभाज्याच पिकतात. रेल्वेने ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेत आपल्या कर्मचाऱ्यांना दिलेल्या या जमिनी. हेतू चांगला, पाणी वाईट. शिवाय सगळा दोष कारखान्याच्या माथी मारता येत नाही. स्फुरदाच्या खतातूनही कॅडमियम थोडे थोडे शेतात येते.

त्याचे टोक जपानने पाहिले. तोयामा प्रांतात कामिओका खाणीचे पाणी जिंझू नदीतून भातखाचरांत गेले. तो भात वर्षानुवर्षे खाणाऱ्या, विशेषतः वयस्क स्त्रियांची मूत्रपिंडे बिघडली, हाडे ठिसूळ झाली. वेदनेच्या हुंकारावरूनच त्या आजाराला ‘इताई-इताई’ नाव पडले, आणि 1968 साली तिथल्या सरकारने त्याचे कारण मान्य केले. ती खाणही जस्ताचीच होती. कॅडमियम मूत्रपिंडात दहा-वीस वर्षे सहज मुक्काम करते.

आपल्याकडच्या भाताबद्दल एक बारकावा. खाचरात पाणी उभे असेपर्यंत कॅडमियम गंधकाशी बांधलेले राहते. कापणीआधी पाणी काढले की सुटते. पाणी जास्त दिवस ठेवावे, तर त्याच खाचरात आर्सेनिक मोकळे होते. चुना टाकून सामू वाढवला तर कॅडमियम अडते, पण मातीतून निघून जात नाही.

आणि तपासणी? जस्तासाठी मातीतून जो अर्क काढतात, त्यात कॅडमियम आणि शिसेही उतरतात. अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन यंत्रात जस्ताचा दिवा काढून कॅडमियमचा बसवायचा, एवढेच काम. पाऱ्याला तेवढी वेगळी जोडणी लागते.