प्रकाशाने पाणी शुद्ध करणारी पांढरी पूड

प्रतिनिधी, वाशिम

मृगाच्या सरी कोसळल्या, की विहिरींचे पाणी गढूळ होते आणि ग्रामपंचायतीला टीसीएल पावडरची आठवण होते. त्यातील क्लोरीन रोगजंतूंचा नाश करते, हे खरे. परंतु सोयाबीन, तूर आणि कपाशीच्या या जिल्ह्यात शेतांतून वाहून येणाऱ्या कीटकनाशकांच्या अंशाचे काय? या प्रश्नाचे एक संभाव्य उत्तर आहे प्रकाश-उत्प्रेरण.

यातील मुख्य पदार्थ टायटॅनियम डायऑक्साइड. भिंतीच्या रंगाला शुभ्रपणा देणारी हीच ती पूड. (रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत टायटॅनियमचे खनिज सापडते, हे अनेकांना ठाऊक नसते.) या पदार्थावर प्रकाश पडला असता पाण्याचे विघटन होते, हे जपानच्या फुजिशिमा व होंडा यांनी १९७२ मध्ये दाखविले. पुढे १९७७ मध्ये फ्रँक आणि बार्ड यांनी याच मार्गाने पाण्यातील सायनाइड नष्ट केले.

अतिनील किरण पडताच पुडीच्या कणातील इलेक्ट्रॉन आपली जागा सोडतो आणि तेथे धनभारित पोकळी उरते. ही पोकळी पाण्यापासून हायड्रॉक्सिल हा अत्यंत आक्रमक मूलक तयार करते. तो जंतूंचे आवरण फोडतो आणि कीटकनाशकांचे रेणू तोडत अखेर कार्बन डायऑक्साइड व पाण्यापर्यंत नेतो. पूड मात्र खर्ची पडत नाही.

मग हे तंत्र गावोगावी का दिसत नाही? सूर्यप्रकाशात अतिनील किरणांचा वाटा जेमतेम पाच टक्के. गढूळ पाण्यात तेही खोलवर पोहोचत नाहीत. म्हणजे आधी तुरटी फिरवणे आलेच. बारीक पूड पाण्यातून परत काढणे जिकिरीचे असल्याने ती काचेवर लेपावी लागते, आणि त्यामुळे वेग घटतो. प्रक्रिया अर्धवट राहिल्यास तयार होणारी द्रव्येही घातक असू शकतात. फ्लोराइड तर मूलद्रव्याचाच आयन. ते तोडता येत नाही, तेथे ही पूड निरुपयोगी ठरते. शिवाय पाणी सर्वाधिक बिघडते ते पावसाळ्यात, नेमके आभाळ भरलेले असताना.

उत्प्रेरकाविना घरी करता येण्याजोगा एक उपायही आहे. निवळलेले पाणी पारदर्शक पेट बाटलीत भरून सहा तास कडक उन्हात ठेवावे, ढगाळ हवेत सलग दोन दिवस. त्याने जंतू मरतात, कीटकनाशके जात नाहीत.