मार्जारमीनांचे शुक्राणू आणि देशी मांगुराची शुद्धता

तोंडाभोवती मिशा असलेल्या माशांच्या मोठ्या गटास मार्जारमीन म्हणतात. मांगूर, शिंगी आणि कोकण किनाऱ्यावरील शिंगाळा हे याच गटातील होत. जगात त्यांच्या तीन हजारांहून अधिक जाती आहेत. कोणती जात कोणत्या जातीच्या जवळची, हे ठरविताना शास्त्रज्ञ हाडे व जनुके यांजबरोबर शुक्राणूंची घडणही तपासतात. हा विषय प्रयोगशाळेपुरता वाटला, तरी मांगुराचे बीज काढणाऱ्या शेतकऱ्याचा त्याच्याशी निकटचा संबंध आहे.

शुक्राणूची घडण

शुक्राणूचे डोके, मध्यभाग व शेपटी असे तीन भाग असतात. मांगुराच्या कुळात डोके गोल असून त्यात आनुवंशिक द्रव्य असते. मध्यभागात शक्ती पुरविणारे कण असतात, व शेपटीच्या हालचालीने शुक्राणू पोहतो. अंड्याचे कवच भेदणारी टोपी या शुक्राणूस नसते. अंड्यावरील एका सूक्ष्म छिद्रातूनच तो आत शिरतो. पाण्यात फलन होणाऱ्या माशांत अशी साधी घडण आढळते.

याउलट, दक्षिण अमेरिकेतील ऑकेनिप्टेरिडी कुळात नर आपले शुक्राणू मादीच्या शरीरात सोडतो. तेथे शुक्राणूचे डोके लांबट झालेले आहे. म्हणजे प्रजननाची रीत बदलली की शुक्राणूची घडणही बदलते.

नाते ठरविताना सावधगिरी

उत्तर अमेरिकेतील चॅनेल मार्जारमीन व आफ्रिकेतील विद्युत् मार्जारमीन या दोहोंच्या शुक्राणूंना दोन शेपट्या असतात. परंतु ही कुळे एकमेकांची निकट आप्त नव्हेत. यास्तव एकाच लक्षणावरून नाते ठरविणे धोक्याचे असते. पुष्कळ लक्षणे एकत्र पाहिल्यावरच निर्णय घेता येतो. आपल्या मांगुराचे उदाहरण बोलके आहे. दीर्घकाळ त्यास ‘क्लॅरियस बॅट्राकस’ म्हणत. २००८ साली ते नाव जावा बेटावरील माशापुरते राखावे असे दाखवून देण्यात आले, आणि भारतीय मांगूर ‘क्लॅरियस मागूर’ या स्वतंत्र जातीचा मानला जाऊ लागला.

बीजोत्पादनात उपयोग

मांगुराच्या नराचे पोट दाबून शुक्रद्रव पुरेसा निघत नाही. वृषण कापूनच काढावे लागतात. त्यामुळे एक नर एकदाच उपयोगी पडतो व चूक परवडत नाही. वृषणातील शुक्राणू निश्चल असतात. गोड्या पाण्याचा स्पर्श होताच ते धावू लागतात, परंतु त्यांची धाव सुमारे मिनिटभरच टिकते. म्हणून पुढील क्रम पाळावा :

१. भांडी व हात कोरडे ठेवावेत.
२. वृषणाचे तुकडे ०.९ टक्के मिठाच्या द्रावणात (लिटरला ९ ग्रॅम) चुरावेत.
३. मादीची अंडी कोरड्या भांड्यात घेऊन त्यांवर हे द्रावण ओतावे व पिसाने हलके मिसळावे.
४. त्यानंतरच स्वच्छ पाणी घालावे.

पाणी आधी पडल्यास शुक्राणूंची शक्ती अंड्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच संपते.

संकराचा धोका

आफ्रिकी मांगूर, ज्यास बाजारात ‘थाई मांगूर’ म्हणतात, हा देशी मांगुराचा जवळचा आप्त आहे. त्यामुळे बीजकेंद्रात त्यांचा संकर होऊ शकतो. असे मिश्र बीज तळ्यातून नदीत गेले, तर देशी जातीची शुद्धता नाहीशी होईल. देशी मांगूर आजच संकटग्रस्त जातींत गणला जातो. आफ्रिकी मांगूर अतिशय खादाड असून अन्य मासेही फस्त करतो. भारतात त्याच्या संवर्धनास बंदी आहे, व २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने ती कसोशीने अमलात आणण्याचे आदेश दिले.

यास्तव प्रजननासाठी नर-मादी खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावेत. देशी मांगूर सहसा अर्ध्या मीटरच्या आत राहतो. आफ्रिकी मांगूर एक मीटरहूनही लांब होतो. लहान वयात ओळख पटणे कठीण असल्याने, शंका आल्यास ग्रामसेवकांनी तो मासा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयास दाखवावा. शुद्ध बीज हेच मत्स्यशेतीचे भांडवल होय.